सोमवारचं तिकीट

"आई, पर्स उघडा," शिट्टीसाहेब म्हणाले.

सासूबाईंनी गच्चीच्या दारातच पर्स उघडून समोर धरली. आत चष्म्याचं घर, रुमाल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक केळं होतं. शिट्टीसाहेबांनी केळं बाहेर काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत आत ठेवलं.

"फळ चालतं. पुढे व्हा."

त्यांच्या मागे बायको उभी होती आणि बायकोच्या मागे लेक. तिघींच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायची दोरी ताणून रांगेची वाट केलेली होती. वाट जिथे संपत होती तिथे, भर उन्हात, चार प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. खुर्च्यांसमोर बघण्यासारखं काहीच नव्हतं. कठडा होता आणि कठड्यापलीकडे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या.

गादीला ऊन दाखवायला वर आलेले शेजारी बराच वेळ हा प्रकार बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय चाललंय?"

"टेनिस," शिट्टीसाहेब म्हणाले.

शेजाऱ्यांनी गच्चीभर नजर फिरवली.

"चेंडू कुठाय?"

"चेंडू त्या दिवशी. आज नुसता बसायचा सराव."

शेजाऱ्यांनी गादीवर दोन धपाटे घातले आणि ते खाली निघून गेले. या घराबद्दल त्यांनी आश्चर्य करणं कधीच सोडून दिलं होतं.

शिट्टीसाहेब बिस्किटांच्या कारखान्यात आगीपासून बचाव कसा करायचा ते शिकवत. महिन्यातून एकदा ते कुणाला न सांगता शिट्टी फुंकत आणि सगळा कारखाना, भट्टीवाल्यांपासून खोकी चिकटवणाऱ्या बायकांपर्यंत, मुकाट्याने मागच्या अंगणात जाऊन उभा राहत असे. शिट्टी सदानकदा गळ्यातच, म्हणून हे नाव. त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर रंगवूनही घेतलं होतं: प्रसंगाला माणूस नवं काही करत नाही, सरावात केलेलं तेवढंच करतो. हे मत घरालाही लागू होतं. लेक पहिल्यांदा शाळेत जायची होती त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तिला फाटकापर्यंत नेऊन, हात सोडून, दोनदा रडवून आणलं होतं. खऱ्या दिवशी ती अजिबात रडली नाही. रडले ते हेच.

आताचा प्रसंग होता सहलीचा. बसने पाच तासांवरच्या शहरात टेनिसची मोठी स्पर्धा भरणार होती आणि घरात सासूबाईंना टेनिसचं वेड. घर तर हिशेबात चालणारं. बसचं भाडं ठरलेलं, तिकिटाचे पैसे ठरलेले. पण शिट्टीसाहेबांच्या अभ्यासानुसार माणूस बुडतो तो स्टेडियमच्या आत गेल्यावर. पाण्याची बाटली तिप्पट, सरबत चौपट, टोपीची किंमत तर ऐकूच नये. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: ऊन सहन न होणं. ते सहन करायला घरीच शिकलं तर घरच्या बाटलीवर अख्खा दिवस निघतो. म्हणून हा लागोपाठ दुसरा रविवार गच्चीवर चालला होता. पहिल्या रविवारी लेकीने अर्ध्या तासात बंड केलं होतं.

"बाबा, आपण खरंच नुसतं बसायचं?"

"मान हलवायची. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नाहीतर तिथे गेल्यावर मान धरेल."

लेकीने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र मान हलवू लागल्या होत्या. शिस्तीत, न चुकता. जावयाची शिट्टी मनापासून ऐकणारं घरात तेवढं एकच माणूस होतं, आणि शिट्टीसाहेबांचा त्यांच्यावर जीव होता तो याच कारणाने. बाकी काही असो, सासरेबुवा गेल्यावर या बाई इथे राहायला आल्या त्या दिवसापासून त्यांनी घरात एक गोष्ट मागितली नव्हती. चहात साखर कमी पडली तरी त्या तसाच पीत आणि कप विसळून ठेवत.

सहलीचा दिवस ठरला तेव्हाही तसंच झालं होतं. महिन्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर शिट्टीसाहेबांनी दर वाचून दाखवले. पहिला सोमवार सगळ्यात स्वस्त. मुख्य कोर्टात जाता येत नाही, पण बाकी लहान कोर्टांवर दिवसभर हवं तिथे उभं राहा. पुढे दर चढत जातात आणि शेवटच्या रविवारी, अंतिम सामन्याला, डोळे पांढरे होतात.

"मला सोमवार पुरे," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी सगळे असतात. पुढे पुढे कमी होत जातात."

शिट्टीसाहेबांना हे बोलणं इतकं पटलं की त्यांनी त्यांना भात वाढला. बायकोने मात्र त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या एका नजरेत लग्नापासून सेलमध्ये घेतलेले सगळे पंखे, पडदे आणि चपला होत्या. भांडी घासताना ती बोललीच.

"आई तुमच्या खिशाकडे बघून बोलली. समजलं ना? अख्खा जन्म ती टेनिस बघत आलीय. एकदाच जाणार, आणि ते तुम्ही तिला सोमवारी नेणार. जिथे कोणी बघायलाही येत नाही त्या दिवशी."

"त्याच म्हणाल्या, सोमवार पुरे."

"ती चहात साखरही मागत नाही!"

हे शिट्टीसाहेबांना लागलं. कारखान्यात त्यांना पाठीमागे चिक्कू म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण सासूबाईंनी आपल्या खिशाकडे बघून मन मारावं, याची त्यांना लाज वाटली. दोन दिवस त्यांनी ती लाज सोबत घेऊन कारखान्याच्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात बसले, नव्या स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि अंतिम सामन्याची चार तिकिटं घेतली. घेऊन झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी शिपायाला चहा पाजला. शिपायाने बाहेर जाऊन चौघांना सांगितलं, साहेबांची तब्येत ठीक नाही.

घरात त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. ते आज उघडायचं होतं.

"आता तिकीट तपासणी," ते म्हणाले आणि शर्टच्या खिशातून घडी केलेले चार कागद काढून एकेक वाटले.

बायकोने कागद उलगडला. मग तिने तो जवळ नेला, मग लांब धरला.

"अहो," ती म्हणाली.

"फायनल!" लेक खुर्चीवरच उभी राहिली. "आजी, फायनल! आपण फायनलला जातोय!"

सासूबाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. मग त्याची घडी सरळ करावी तशी त्यांनी मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला.

"अंतिम सामना," त्या म्हणाल्या. "अरे वा."

"आवडलं ना आई?"

"मग? न आवडायला काय झालं." त्यांनी कागद उलटून पाहिला. "आणि सोमवारचं?"

"सोमवार रद्द! सोमवारी काय, कोणीही जातं."

"हो, तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या. "पण फार खर्च केलात हो तुम्ही."

बायको डोळे पुसत हसत होती. शिट्टीसाहेबांना एवढं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. छाती पुढे काढून त्यांनी शिट्टी फुंकली आणि सरावाचं शेवटचं कलम घेतलं: चुकामूक. गर्दीत हात सुटला तर कोणी कुठे जाऊन उभं राहायचं? कारखान्यात ते हा प्रश्न असाच घाईघाईने विचारत. सवड दिली की माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात आणि ती काही कामाची नसतात. घाईत विचारलं की खरं काय ते बाहेर पडतं. एकदा भट्टीवरचा एक जुना कामगार अंगणाऐवजी "डब्याच्या खोलीत" म्हणाला होता, कारण तिथे बायकोने भरून दिलेला डबा होता.

त्यांनी बायकोकडे बोट केलं. "हात सुटला! कुठे?"

"आलो त्या फाटकापाशी."

"शाबास. तू?"

"आईस्क्रीमपाशी," लेक म्हणाली.

"नापास. आई, तुम्ही?"

"सात नंबरच्या कोर्टाच्या जाळीपाशी," सासूबाई म्हणाल्या. "डाव्या अंगाला. तिथे दुपारनंतर सावली येते."

शिट्टीसाहेबांचं बोट तसंच राहिलं.

"सात नंबर? तिकडे काय आहे?"

"काही नाही. नकाशात पाहिलं होतं मी."

"पण आई, रविवारी लहान कोर्टांवर कोणीच खेळत नाही. तिकडचं सगळं बंद असणार."

"हो की," सासूबाई म्हणाल्या. "बंदच असणार. मग मी तुमच्याबरोबरच राहीन. नाही हरवणार."

आणि त्या पुन्हा पाण्याच्या टाक्यांसमोर मान हलवू लागल्या.

बायको आणि लेक खाली गेल्या त्या सगळ्या नातेवाइकांना फोन करायलाच. शिट्टीसाहेब दोरी गुंडाळत गच्चीवर रेंगाळले. दोरी नीट गुंडाळली जाईना. सात नंबर कोर्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. ज्या बाईला अंतिम सामना बघायचा आहे, तिला सगळ्यात कोपऱ्यातल्या कोर्टावरची सावली कशाला ठाऊक हवी?

ते खाली आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून त्यांचा फोन उभा केला होता आणि त्या समोर स्टुलावर बसल्या होत्या. शिट्टीसाहेबांनी हे दृश्य यापूर्वी शंभरदा पाहिलं होतं. ते धरूनच चालले होते की म्हाताऱ्या बायका बघतात तसलं काहीतरी असेल. आज ते पहिल्यांदाच मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर चित्र नव्हतं. दोन ओळी होत्या आणि ओळींपुढे आकडे. तीस होता तो चाळीस झाला. सासूबाईंनी हलकेच टाळी वाजवली.

"हे काय आहे, आई?"

त्या दचकल्या. फोन पालथा घालायला गेलेला हात त्यांनी वाटेतच थांबवला.

"सामना चाललाय. आपल्या डावऱ्याचा."

"दिसत तर काहीच नाही."

"आता नाही दाखवत त्याला. पूर्वी दाखवायचे. हे वारले नव्हते तेव्हा, आम्ही दोघं बघायचो. तेव्हा तो बरा खेळायचा. मग गुडघा गेला, मग नंबर घसरला. टीव्हीवर वरचेच दाखवतात ना, खालचे कोण दाखवणार? पण आकडे येतात. चार वर्षं मी आकड्यांवरच बघतेय त्याला."

शिट्टीसाहेबांनी दुसरं स्टूल ओढलं.

"जिंकतोय का?"

"छे हो. कुठचा जिंकतोय!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पण घाई नाही करत. हरायचं असलं तरी घाई नाही. हे बघा, आता दोनदा चाळीस-चाळीस झालं. म्हणजे लांब लांब चालली असणार एकेक खेळी. पळतोय बिचारा."

दोघं आकड्यांकडे बघत बसले. काही वेळाने शिट्टीसाहेबांच्या लक्षात आलं की आपण स्टुलाच्या कडेवर आलो आहोत. तिसऱ्या सेटला डावऱ्याच्या ओळीत एक चार आला तेव्हा दोघांनी एकदम टाळी वाजवली आणि मग एकमेकांकडे बघणं टाळलं. शेवटी डावरा हरला.

"झालं," सासूबाई म्हणाल्या आणि फोनचा पडदा पदराने पुसला. "हे शेवटचं वर्ष त्याचं. सोडतोय तो."

"आणि त्या स्पर्धेला..."

"येणार आहे ना. शेवटचं वर्ष म्हणून आत घेतलंय त्याला. पण तो कुठे मंगळवार बघायला! सोमवारीच जाईल घरी." एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्या लगबगीने उठल्या. "तिकिटं फार छान आणलीत हो तुम्ही. नात बघा कशी नाचत होती."

"आई, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर ते मागणं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर आपणहूनच सोमवार म्हणत होतात. मला वाटलं, न मागता होतंय तर कशाला बोला."

शिट्टीसाहेबांना हसावं की रडावं कळेना. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हात सैल सोडला होता आणि तिथेच घात झाला होता. चिक्कूपणा केला असता तर सगळं बिनबोभाट जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते बायकोच्या दुकानात गेले. बायको ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला होती. मागे वाफेची इस्त्री सूं सूं करत होती, वर दांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोट टांगले होते आणि ती एकेका कोटाला नंबराची चिठ्ठी टाचत होती. शिट्टीसाहेबांनी सगळी हकिकत उभ्याउभ्या सांगितली. सात नंबरच्या जाळीपर्यंत ते आले तेव्हा तिचा हात थांबला. साखरेच्या डब्यापर्यंत आले तेव्हा ती काउंटरमागच्या स्टुलावर बसली आणि तोंडावर कुणाचातरी धुतलेला मफलर धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"मी तिची मुलगी," ती म्हणाली. "मला वाटायचं ती जिंकणाऱ्यांचं बघते. मी कधी विचारलंच नाही गं बाई, कोणाचं बघतेस. आणि वर तुम्हालाच बोलले."

"तू बोललीस ते चूक नव्हतं."

"चूकच होतं. तुम्ही बरोबर होतात."

"चुकून," शिट्टीसाहेब म्हणाले.

तिने मफलर घडी करून पिशवीत घातला. दोघांनी हिशेब केला. तिकिटं परत होत नव्हती, आणि दोन्ही दिवस चौघांनी जायचं तर स्कूटरच काय, तिची चाकंही उरली नसती. दोन तिकिटं विकायची आणि त्या पैशांत सोमवारचं भागवायचं, एवढीच एक वाट होती.

"तुम्ही दोघं सोमवारी जा," बायको म्हणाली. "आम्ही दोघी रविवारी जाऊ. ते तिकीट मी नाही सोडणार हं, उगाच खोटं कशाला बोलू? मला जायचंय फायनलला. टेनिसचा गंध नसला म्हणून काय झालं, मला नटूनथटून एकदा तिथे बसायचंय."

"चालेल. कारखान्यातही आम्ही दोन तुकड्या करतो. सगळे एकदम बाहेर काढले तर भट्टी थांबते."

"मला भट्टी म्हणालात?"

शिट्टीसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सुट्टी संपल्याचं जाहीर केलं.

दोन तिकिटं पॅकिंग विभागाच्या मॅनेजरने घेतली. घेण्याआधी त्याने ती उजेडात धरून नीट पाहिली. "यांत काही खोट तर नाही ना?" तो म्हणाला. "तुम्ही विकताय म्हणून विचारलं, राग मानू नका."

सोमवारी सकाळी सासू आणि जावई स्टेडियमच्या फाटकातून आत गेले. पर्स तपासली गेली, केळं चाललं. इथपर्यंत सगळं सरावाप्रमाणे झालं. पुढे तसं काहीच झालं नाही. डावरा सात नंबरवर नव्हताच. त्याला अकरा नंबर दिला होता आणि अकरा नंबर स्वच्छतागृहांच्या मागे, वीज जाते तेव्हा चालवायच्या यंत्राशेजारी होता. सावली औषधालाही नव्हती. बघायला जेमतेम पंधरावीस माणसं आली असतील, त्यांतली काही स्वच्छतागृहाच्या रांगेतली होती.

सासूबाई जाळीपाशी गेल्या आणि त्यांनी तारेत बोटं अडकवली.

डावरा त्यांच्यापासून एखादी खोली ओलांडावी इतक्या अंतरावर होता. गुडघ्याला पट्टा, पाठीवर घामाचा मोठा डाग, डोक्यावरचे केस विरळ झालेले. तो सर्व्हिस करायचा तेव्हा त्याच्या बुटांचा करकर आवाज यायचा.

"एवढा उंच असेल असं वाटलं नव्हतं," सासूबाई कुजबुजल्या. मग काही वेळाने म्हणाल्या, "त्याचा श्वास ऐकू येतोय हो."

शिट्टीसाहेबांना श्वास ऐकू आला नाही. त्यांना यंत्राचीच घरघर ऐकू येत होती. पण सासूबाईंचा चेहरा त्यांना दिसत होता, आणि त्यांना वाटलं की स्कूटर गेली खड्ड्यात.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. पाटी तिकडे असेल कुठेतरी. बघू द्या."

दुसऱ्या सेटच्या मध्यावर तो पॉइंट आला. डावऱ्याला समोरच्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, परत पळवलं. चेंडू गेलाच असं वाटलं तेव्हा तो लंगडत पोचला आणि पडता पडता त्याने असा काही उंच फटका मारला की समोरचा तरणा पोरगा आ वासून वर बघत राहिला. चेंडू खाली येत होता. कोपऱ्यात पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. शिट्टीसाहेबांनाही दिसलं, आणि आनंदाने त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर सराव करून त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. त्यांनी शिट्टी फुंकली.

सगळं थांबलं. समोरच्या पोराने रॅकेट खाली केली. शेजारच्या दोन कोर्टांवरचे खेळाडूही थांबले. स्वच्छतागृहातून एक माणूस घाईघाईने बाहेर आला. चेंडू कोपऱ्यातच पडला, अगदी रेषेच्या आत, पण उंच खुर्चीवरच्या पंचाने दोन्ही हात वर करून पॉइंट पुन्हा खेळायला सांगितला. एका रखवालदाराने जाळीपर्यंत येऊन शिट्टीसाहेबांना समज दिली, आणि इतरांना ओळीत उभं करणारा हा माणूस मान खाली घालून ती ऐकत उभा राहिला. पॉइंट पुन्हा खेळला गेला. डावऱ्याने तो घालवला.

सासूबाईंनी जाळीवरची नजर न हलवता उजवा हात मागे केला आणि तळवा उघडला. शिट्टीसाहेबांनी शिट्टी दोरीसकट काढून त्या तळव्यावर ठेवली.

त्या एका पॉइंटने सामना गेला असं म्हणता येणार नाही, तो तसाही गेलेलाच होता. डावरा हरला, पण घाई न करता हरला. त्याने समोरच्या पोराचा हात हातात घेतला, पंचाशी काहीतरी बोलला आणि पिशवी खांद्यावर टाकून निघाला. पंधरावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांची बोटं अजून तारेत होती.

कोर्ट रिकामं झालं. दोन माणसं येऊन खुर्च्यांवरचे ओले टॉवेल गोळा करून गेली. शिट्टीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. परतीची बस संध्याकाळची होती, जागा राखून ठेवलेल्या होत्या आणि ते पैसे परत मिळणारे नव्हते. बसस्थानकावर वेळेआधी पोचायचं हे कलम त्यांनी स्वतःच घातलेलं होतं.

"आई, मला माफ करा," ते म्हणाले. "तो पॉइंट त्याचा होता."

"होताच," सासूबाई म्हणाल्या. "पण त्यामुळे आणखी एक बघायला मिळाला."

त्यांनी जाळी सोडली. तारेचे वळ बोटांवर उमटले होते, ते चोळत त्या उभ्या राहिल्या. निघायचं म्हणून शिट्टीसाहेबांनी पिशवी उचलली तरी त्या हलल्या नाहीत. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग रिकाम्या कोर्टाकडे बघत, वर्गात पहिल्यांदाच हात वर करणाऱ्या मुलीसारखं एका दमात बोलून टाकलं.

"जावईबापू, उद्या तो दुहेरीतही आहे, कालच फोनवर आलं. मला तो बघायचाय."

शिट्टीसाहेब उभेच राहिले. याचा सराव झालेला नव्हता. रात्री कुठे राहायचं, उद्याची तिकिटं केवढ्याला, परतीच्या जागांचं काय, कारखान्याला काय कळवायचं, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.